गल्लीतला फुजी आणि आईचा गुडघा

२८ जून

धाकट्या भावाकडे तोक्योला येऊन दहा दिवस झाले होते. आईचं टॉवर, बागा, बुलेट ट्रेन सगळं बघून झालं होतं, फक्त फुजी राहिला होता. भाऊ निशी-कासाईत नवव्या मजल्यावर राहतो. हिवाळ्यात सकाळी बाल्कनीतून फुजी दिसतो असं तो सांगतो, पण आम्ही गाठला पावसाळा. रोज उठून आई बाल्कनीत जायची, समोरचा पांढरा ढग बघायची आणि आत यायची. दहाव्या दिवशी म्हणाली, "डोंगर आहे ना रे नक्की?"

वहिनीच्या ऑफिसातल्या एका बाईंनी तोडगा सुचवला होता. इरियात एका देवळाच्या आवारात फुजी आहे, पाच-सहा मीटरचा. आईचा डावा गुडघा गेल्या वर्षी बदललेला. पाच-सहा मीटर म्हणजे किती, हे तिने दोनदा विचारून घेतलं. "आपल्या घराच्या गच्चीएवढा," भाऊ म्हणाला. मग ती निघाली.

तोझाई लाइनने कायाबाचो, तिथून हिबिया लाइन बदलून इरिया. स्टेशनाबाहेर आलं की मोठा रस्ता, आणि तो सोडून आत वळलं की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीने थांबावं एवढ्या गल्ल्या. दाराबाहेर मांडलेल्या कुंड्या, वाळत घातलेले टॉवेल, कुठल्यातरी घरातून येणारा मासे भाजल्याचा वास. हा भाग शिताया, तोक्योचा जुना खालचा भाग, कारागीर आणि छोट्या दुकानदारांचा. त्या घरांच्या मधेच एकदम दगडी तोरी, म्हणजे देवळाची कमान, आणि आत ओनो तेरुसाकी जिंजा.

मोठ्या देवळांचे फोटो बघून गेलेल्या माणसाला हे देऊळ डोळ्यांत भरणार नाही. पण त्याचं लाकडी मुख्य घर १८६६ सालचं आहे. १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बाँबफेक या दोन्हींत हे शहर राख झालं, त्यातून ते वाचलं. लाकूड काळपट पडलंय, छपराचा उतार अजून डौलदार आहे. मला मात्र सगळ्यात आधी दिसलं ते कुंपण. अशा देवळांभोवती दगडी खांबांची रांग असते आणि प्रत्येक खांबावर देणगी देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. आपल्याकडे पायरीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं ना, तेच. आई अक्षर न ओळखता म्हणाली, "ही देणगीदारांची नावं." भाषा येत नसली तरी देवळाचा जमाखर्च कळतो.

हात धुवायचे, आधी डावा मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ भरायची. पेटीत पाच येनचं नाणं टाकायचं, कारण 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि 'गो-एन' म्हणजे ऋणानुबंधही. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, परत एकदा वाकायचं. आईची टाळी दोनावर थांबेना. आरतीची सवय. शेजारच्या आजोबांनी हसून मान डोलावली.

देव कोण, हे भावाने फलक वाचून सांगितलं. ओनो नो ताकामुरा. हा काही आकाशातून उतरलेला नव्हे, नवव्या शतकातला, ८०२ ते ८५३, दरबारातला विद्वान अधिकारी आणि कवी. चीनला जाणाऱ्या शिष्टमंडळात त्याला उपप्रमुख नेमलं होतं. प्रमुखाने आपलं खराब झालेलं जहाज याच्या गळ्यात मारलं, तेव्हा याने जायलाच नकार दिला आणि वर टिंगल करणारी कविता लिहिली. सम्राटाने त्याला ओकी बेटावर हद्दपार केलं, पुढे माफ करून परत बोलावलं. असा माणूस मेल्यावर देव झाला. शिंतो या जपानी धर्मात हे चालतं. पराक्रमी, विद्वान, किंवा नुसताच रागावून मेलेला माणूससुद्धा 'कामी' होतो आणि वस्तीचा पाठीराखा बनतो.

पण आईला आवडली ती दंतकथा. ताकामुरा दिवसा दरबारात बसायचा आणि रात्री क्योतोतल्या एका विहिरीतून उतरून नरकात जायचा, एन्माच्या कचेरीत चिटणिशी करायला. एन्मा म्हणजे आपला यम, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे इकडे आलेला.

"म्हणजे चित्रगुप्तच की!" आई म्हणाली आणि परत एकदा नमस्कार करून आली. या खेपेला जरा जास्त वेळ उभी होती. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.

फुजी देवळाच्या एका कडेला होता. काळ्या सच्छिद्र दगडांचा ढीग, त्यावर झुडपं आणि नेचे, पुढे दगडाची दोन माकडं आणि बंद फाटक. आई थोडा वेळ फाटकाचा लोखंडी गज धरून उभी राहिली. मघाचेच आजोबा झाडू घेऊन आले, म्हणाले, वर्षात दोनच दिवस उघडतो. ३० जून आणि १ जुलै. परवा या.

२९ जून

पाऊस. सकाळभर घरात बसून मी वाचत होते आणि भाऊ अवघड शब्द सांगत होता.

या कृत्रिम टेकड्यांना फुजिझुका म्हणतात. त्यांच्या मागे फुजी-को नावाची मंडळं होती. एदो, म्हणजे जुनं तोक्यो, इथल्या सुतार, कोळी, दुकानदारांना फुजीची यात्रा परवडायची नाही. जाऊन-येऊन आठवडाभर रोजगार बुडायचा, शिवाय वाटेचा खर्च. मग मंडळातले सगळे थोडे थोडे पैसे जमा करायचे, दरवर्षी चिठ्ठ्या टाकायचे आणि ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघेल ते सगळ्यांच्या वतीने डोंगर चढून यायचे. पुढच्या वर्षी दुसरे.

"भिशी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती ऐकत होती, हे मला माहीत नव्हतं.

भिशीच. आणि डोंगराच्या पायथ्याला, योशिदा गावात, 'ओशी' नावाची पुरोहित घराणी होती. ती आपापल्या मंडळांची राहण्या-जेवणाची सोय करायची, मंत्र शिकवायची, आणि एरवी गावोगाव हिंडून आपले यजमान सांभाळायची. त्र्यंबकेश्वरला ज्यांच्या घराण्याची वही आहे त्यांना हे काही वेगळं सांगायला नको.

या पंथाचा मोठा माणूस जिकिग्यो मिरोकु, धंद्याने तेलाचा व्यापारी. १७३३ साली तो फुजीवर गेला आणि अन्न सोडून तिथेच बसला, देह ठेवेपर्यंत. आपल्याकडे याला प्रायोपवेशन म्हणतात. त्यानंतर मंडळांना उधाण आलं. एदोत ८०८ को आहेत, असं लोक म्हणायचे. आकडा मोजून काढलेला नाही, एदोतल्या पेठाही ८०८ च म्हणत. १७७९ मध्ये मिरोकुच्या एका शिष्याने पहिला फुजिझुका उभारला. तो शिष्य पेशाने माळी होता. मला हे फार पटतं. दगड-माती रचून डोंगर करावा हे पुरोहिताला सुचलं नसतं, माळ्यालाच सुचणार.

आणि बायका? खऱ्या फुजीच्या माथ्यावर त्यांना १८७२ पर्यंत बंदी होती. गल्लीतल्या फुजीवर ती अडचण नव्हती. म्हातारी, लेकुरवाळी, लंगडत चालणारी, कोणीही चढावं.

"मग त्यात काय," आई म्हणाली. "पंढरपूर गाठता येत नाही ती माणसं वडाळ्याला जातात. कोल्हापूरकडची नंदवाळला जातात. विठोबा काय हजेरी घेतो?" हे बोलताना तिच्या हातात फोन होता आणि फोनवर पालखीचा व्हिडिओ. वारी निघाली होती. आई बार्शीची. आळंदीहून चालत ती एकदाच गेली, पण पालख्या पंढरपूरजवळ आल्या की शेवटचा एक टप्पा दरवर्षी चालायची. गुडघा बदलल्यापासून तेही बंद.

दुपारी पाऊस थांबला, तेव्हा तिने स्वतःच काढलं की उद्यासाठी सराव करून बघू. सेंदागायातल्या हातोनोमोरी हाचिमान देवळातला फुजी बारा महिने उघडा असतो. १७८९ सालचा, १९२३ च्या भूकंपानंतर डागडुजी केलेला. हे देऊळही वस्तीचंच, पण वस्ती वेगळी, स्टेडियम आणि ऑफिसांची. आवारात 'नो' या जपानी नाट्याचा मंच आहे आणि शोगी या जपानी बुद्धिबळाची एक छोटी देवळी, आत भलीमोठी लाकडी सोंगटी. शोगी महासंघाचं घर याच वस्तीतलं, म्हणून खेळाडू इथे येतात. आपापल्या वस्तीच्या पोटापाण्याप्रमाणे देवाला खाती वाटून दिलेली असतात.

सराव फसला. पायऱ्या म्हणजे ओबडधोबड दगड, ओले, एक वीतभर तर एक गुडघाभर उंच. आई अर्ध्यात पोचली, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाली, "उतरव मला." उतरायला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. मागे एक कोट-टाय घातलेला तरुण छत्री मिटून मुकाट उभा होता. आम्ही बाजूला झाल्यावर तो सरसर वर गेला, दोन टाळ्या वाजवून सरसर खाली आला आणि ऑफिसला गेला. आई रस्ताभर बोलली नाही.

३० जून

गुडघा सुजला होता. बर्फाने शेकला.

३० जून हा वर्षाच्या पहिल्या सहामाहीचा शेवटचा दिवस. सहा महिन्यांची साचलेली मरगळ, चुका, अशुद्धी या दिवशी झाडून टाकायची. याला नागोशी नो हाराए म्हणतात. घराजवळच्या एका लहान देवळात गवताचं पुरुषभर उंचीचं कडं उभं केलं होतं. त्यातून आधी डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे असं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरायचं. तिथे माणसाच्या आकाराचे कागदाचे कपटे ठेवलेले असतात. त्यावर नाव आणि वय लिहायचं, तो अंगावरून फिरवायचा, त्यावर फुंकर मारायची आणि देवळात द्यायचा. आपलं जे काही असेल ते कागद घेऊन जातो.

आईने कागद गुडघ्यावरून फिरवला. एकदा नव्हे, मीठ-मोहऱ्या उतरवतात तसा सात वेळा. मग दुसरा मागून घेऊन माझ्यावरून. रांगेतल्या बायका थांबून बघत होत्या, पण कोणी घाई केली नाही. एकीने तर आपल्या नातवावरून तसाच सात वेळा फिरवला. बार्शीची दृष्ट आता भावाच्या एदोगावा वॉर्डात लागू झाली म्हणायची.

नंतर इरिया. फाटक उघडं होतं, पण रांग देवळाबाहेर गल्लीत वळून गेली होती आणि रिमझिम सुरू. भाऊ म्हणाला, तास लागेल. आईने खालूनच बघितलं. छत्र्या वर जात होत्या आणि उतरत होत्या. "उद्या आहे ना," ती म्हणाली.

वेळ होता म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या किशिमोजिनला गेलो. हे शिंतो देऊळ नव्हे, बौद्ध मंदिर आहे, जुलैच्या ६, ७ आणि ८ तारखांना इथे नीलपुष्पीच्या वेलींचा मोठा बाजार भरतो. किशिमोजिन म्हणजे हारीती. दुसऱ्यांची मुलं खाणारी यक्षिणी, बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं मूल लपवलं तेव्हा तिला आईचं दुःख कळलं आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात ती पांचिकाशेजारी बसलेली आहे. मी शाळेच्या सहलीत तिच्यासमोर उभी राहून डबा कधी खायचा विचारलं होतं. इथे तिच्या नावातलं 'राक्षस' हे अक्षर लिहिताना डोक्यावरचा छोटा फटकारा गाळतात. तो फटकारा म्हणजे शिंग. सुधारली, तर शिंग काढून टाकलं.

१ जुलै

आज योशिदाकडून खऱ्या फुजीचा रस्ता उघडतो, ३७७६ मीटर. आणि आज इथला बंद होतो.

सकाळी लवकर गेलो. आभाळ भरलेलं, पण कोरडं. रांगेत वीस-पंचवीस माणसं. पाठीवर दप्तर घेतलेली दोन मुलं, काठी टेकत आलेल्या आजी, सायकल गल्लीत लावून आलेला एक कामगार. पुढच्या आजींशी भावाचं बोलणं झालं. त्या याच वस्तीतल्या, दरवर्षी येतात. मे महिन्यात देवाची पालखी गल्ल्यांतून निघते तेव्हा त्यांचा मुलगा खांदा देतो. तो आता चिबाला राहतो, पण त्या दिवशी येतो. अशा वस्तीतल्या माणसांना देवाचे 'उजिको' म्हणतात, म्हणजे देवाच्या कुळातली लेकरं. पूर्वी जन्माने ठरायचं, आता घराच्या पत्त्याने. पत्ता बदलला तरी पालखीला येतातच.

एका नटाची गोष्टही त्यांनीच सांगितली. आत्सुमी कियोशी. काम मिळत नव्हतं तेव्हा याच देवासमोर त्याने सिगारेट सोडली, मला भूमिका दे म्हणाला. लवकरच त्याला ती भूमिका मिळाली जी त्याने १९६९ पासून मरेपर्यंत पडद्यावर केली. खरंखोटं देव जाणे. पण त्यामुळे धडपडणारे नट, गायक इथे येतात. नवस फेडायला आवडती गोष्ट सोडायची, हे आईला समजावावं लागलं नाही. माझ्या बारावीसाठी तिने वर्षभर चहा सोडला होता. (मार्क बेताचेच पडले.)

फाटकाजवळची ती दोन माकडं म्हणजे फुजीचे दूत. हा डोंगर माकडाच्या वर्षात प्रकटला अशी समजूत आहे. ही टेकडी १८२८ सालची, इथल्याच एका मंडळाने उभारलेली. फुजीचा लाव्हा इथवर आणून सगळ्या अंगाला लावलाय. १९७९ मध्ये ती राष्ट्रीय लोकवारसा ठरली, आणि वर्षाला दोनच दिवस उघडत असल्याने तिची झीज कमी झालीय. जवळून बघितलं तर तो दगड करपलेल्या जाळीदार धिरड्यासारखा दिसतो. हात लावला की खरखरतो आणि बोटाला काळी भुकटी लागते. वाटेवर लहान दगड रोवलेत, त्यांवर पहिला टप्पा, दुसरा टप्पा असे खऱ्या फुजीवरचेच टप्पे कोरलेत. माथ्यापर्यंत दहा. म्हणजे अर्ध्या मीटरला एक.

पुढच्या आजी चढता चढता पुटपुटत होत्या, "रोक्कोन शोजो, रोक्कोन शोजो." सहा इंद्रियं शुद्ध होवोत. डोळे, कान, नाक, जीभ, शरीर, मन. बौद्ध ग्रंथांतली षडिंद्रियं चीन पार करून इथल्या सुतारांच्या तोंडी आली आणि चढणीचा हुंकार झाली. आईला शब्द जमेनात. तिने दोन पायऱ्यांनंतर "ज्ञानोबा" म्हटलं, पुढच्या दोन पायऱ्यांनंतर "तुकाराम". आजींनी मागे वळून बघितलं आणि चाल जरा संथ केली, आईच्या चालीला जुळेल अशी.

मी मागे, भाऊ पुढे. चौथ्या टप्प्यावर ती थांबली. बदललेला गुडघा आधी की चांगला, हे तिला आठवेना. फिजिओच्या मुलीने शिकवलेलं मी मोठ्याने म्हटलं, "वर जाताना चांगला आधी." सहाव्यावर परत थांबली. एका हाताने दगड धरला होता, तळवा काळा झाला होता. मागे रांग थबकली. दप्तरवाली मुलं काहीतरी ओरडली. भावाने सांगितलं, 'चला, चला' म्हणतायत.

माथ्यावर एक छोटी दगडी देवळी. तिथून दिसतं काय? शेजारच्या इमारतीच्या एसीच्या पेट्या, विजेच्या तारा, कोणाच्यातरी गच्चीवरची गादी. आई देवळीसमोर उभी राहिली. दोनदा वाकली. दोनच टाळ्या वाजवल्या. परत एकदा वाकली. मग कळसाला लावतात तसा हात दगडाला लावून कपाळाला लावला, आणि कपाळावर बुक्क्यासारखा काळा ठिपका उमटला. मी सांगितलं नाही.

उतरल्यावर तिला प्रसाद हवा होता. इथे हातावर काही ठेवायची पद्धत नाही, याचं तिला दहा दिवसांपासून वाईट वाटत होतं. "कोरडा देव," ती म्हणाली, पण फार रागाने नाही. मग एमा घ्यायचा म्हणाली, लाकडी पाटी, जिच्यावर मागणं लिहून खिळ्यांच्या चौकटीला अडकवतात. बाकीच्या पाट्यांवर परीक्षा, नोकरी, नाटकात काम. आईने पेन घेतलं, आमच्याकडे पाठ केली आणि बराच वेळ लिहीत बसली. अडकवून झाल्यावर ती पाण्याच्या हौदाकडे तळवा धुवायला गेली, तेव्हा मी वाचलं.

'चित्रगुप्तसाहेब, यंदाची वारी इकडे मांडून घ्यावी. यांच्या नावावरही एक.' खाली बाबांचं नाव, तिचं नाव, मु. पो. बार्शी, जि. सोलापूर. पिनकोडमध्ये एक आकडा चुकला होता. मी पेन मागून आणून तो दुरुस्त केला.